खिडकीतले नऊ सेकंद

"पाणी, पाखरं, धूर आणि माणसाचा हात. या चार गोष्टी यंत्राच्या हवाली करायच्या नाहीत. त्या आपल्या डोळ्यांनी बघायच्या," असं मास्तरांनी निवृत्तीच्या दिवशी तिला बजावलं होतं. तिनं मान डोलावली होती. म्हातारी माणसं कामावरून जाताना किल्ल्यांबरोबर दोन-चार सूचनाही सोपवून जातात. सूचना ऐकायच्या आणि किल्ल्या जपायच्या, असं तिचं मत होतं.

काम होतं जुने सिनेमे स्वच्छ करण्याचं. पन्नास-साठ वर्षं डब्यात पडून राहिलेल्या फिल्मवर धूळ बसते, बुरशी चढते, ओरखडे पडतात. लॅबमध्ये त्या फिल्मचं स्कॅन करून घ्यायचं आणि मग एकेक फ्रेम पुसायची, सेकंदाला चोवीस. मास्तरांनी उभं आयुष्य हे हातानं केलं. आता त्यासाठी सॉफ्टवेअर आलं होतं आणि त्याची रीत अगदी साधी होती. ते प्रत्येक फ्रेम मागच्या नि पुढच्या फ्रेमशी ताडून बघे. जे तिन्हींत आहे ते चित्र. जे एकीतच आहे, शेजारणींत नाही, ती घाण. घाण काढायची, तिथं शेजारणीचा तुकडा बसवायचा, की काम झालं. पटकन हलणारी गोष्टसुद्धा त्याला घाणच वाटे, एवढाच त्याचा दोष. पण एखादं पाखरू पडद्यावरून गेलं म्हणून सिनेमा बघणाऱ्याचं काय अडतं?

मूल झाल्यापासून ती घरूनच काम करत होती. झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात दोन स्क्रीन, टेबलाच्या कडांना स्पंजच्या पट्ट्या, प्लगच्या भोकांवर चिकटपट्टी. तिचा नवरा म्हणायचा, या घरात पोरगी पडली तर उसळी मारून परत उभी राहील. पोरगी अडीच वर्षांची होती, तिला सगळे ठकी म्हणत. दाराची कडी तीनदा बघणं, गॅस दोनदा बघणं आणि दुपारी बरोबर चार वाजता आईला फोन करणं हे तिचं ठरलेलं. आई दीड दिवसाच्या प्रवासाइतकी लांब, तिच्या माहेरच्या शहरात एकटी राहत होती. पाचव्या रिंगला फोन उचलला नाही, तर सहाव्या रिंगला आई न्हाणीघरात पडलेली तिला दिसायची.

त्या सोमवारी आलेला सिनेमा उघडला आणि तिचा हात माउसवर तसाच राहिला. सिनेमा जुना, कृष्णधवल, हिंदी. तो त्यांच्या घराचाच सिनेमा होता.

तिसऱ्या रिळात त्यातला नायक शहर सोडून निघतो. खांद्याला पिशवी अडकवून एक चढाची गल्ली उतरत जातो, आणि कॅमेरा गल्लीच्या खालच्या टोकाला उभा राहून त्याच्याकडे बघत राहतो. ती गल्ली त्यांची. डावीकडे छापखाना, त्याच्या दारात कागदाचे गठ्ठे. उजवीकडे मधोमध झिजून खोलगट झालेल्या दगडी पायऱ्या. त्यांवरून तिनं दप्तरासकट किती वेळा लोटांगण घातलं असेल, देव जाणे. मधे आडव्या-तिडव्या दोऱ्या, त्यांवर वाळत घातलेले कपडे. सिनेमाला वास नसतो, पण छापखान्याचं दार दिसलं की तिला शाईचा ओला, कडवट वास यायचा. चार वर्षांत ती तिकडे गेली नव्हती. छापखाना बंद पडला होता, समोरची दोन घरं विकली गेली होती, आणि गल्लीत ओळखीचं म्हणावं असं आईशिवाय फारसं कोणी उरलं नव्हतं. तिचं शहर आता खऱ्या अर्थानं होतं ते या सव्वा मिनिटात.

आणि त्या सव्वा मिनिटात नऊ सेकंद आई होती. छापखान्यासमोर, तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत, एकोणीस वर्षांची, दोन वेण्या, उजवा हात वर करून जोरजोरात हलवणारी. सिनेमा टीव्हीवर लागला की सगळं घर कामं टाकून बसायचं. वडील हयात होते तोवर त्यांचं वाक्य ठरलेलं: "आली बघा आमची हिरॉइन. बाकी सगळी गर्दी." आणि आईचं उत्तरही ठरलेलं, की गर्दीत उभं राहायलाही नशीब लागतं, तुम्ही कुठं होता तेव्हा?

चारच्या फोनवर तिनं सांगितलं, "आई, तुझा सिनेमा आलाय धुवायला."

"नीट धू गं बाई. तेव्हापासून कोणी आंघोळ घातलेली नाही मला."

तो हात नक्की कोणाला केला होतास, हे तिनं पुन्हा विचारलं. दर वेळी आईचं उत्तर निराळं असे. कधी समोरची मैत्रीण, कधी पोस्टमन. या वेळचं उत्तरही निराळंच निघालं.

"कोणाला असं नाही. कॅमेरा आला होता ना. वाटलं, आता जी दिसेल ती राहील."

रात्री जेवणं झाल्यावर तिनं ते नऊ सेकंद ठकीला दाखवले. ही बघ आजी, असं म्हटलं तर ठकीनं स्वच्छ नकार दिला. फोटोतल्या आजीचे केस पांढरे असतात. ही ताई आहे. मग ठकीनं त्या ताईला हात केला, आणि पुढले दोन दिवस रोज करत राहिली.

बुधवारी ठकीला ताप चढला. एकशे तीन. नवरा दुसऱ्या गावी कामावर, काम पोचवायचं गुरुवारी दुपारी बारापर्यंत, आणि तिसरं रीळ अजून तसंच बाकी. एरवी तिनं गल्लीचा सीन नक्कीच हातानं केला असता. मांडीवर ठकी कण्हत होती. तिनं सॉफ्टवेअरची तीव्रता सगळ्यात वर नेली, तेच सेटिंग पुन्हा लागेल म्हणून सिनेमाच्या नावानं सेव्ह केलं, बटण दाबलं आणि कपाळावर पट्ट्या ठेवायला पलंगावर जाऊन बसली. मागं यंत्राचा पंखा घुमत राहिला. पाऊण तासानं ठकीला घाम फुटला, ताप उतरला, आणि ते रीळही झालं.

सकाळी तिनं वरवर नजर टाकली. लख्ख झालं होतं. एक ओरखडा नाही, एक ठिपका नाही. फक्त गल्ली काहीशी गप्प वाटत होती. छापखान्याच्या छपरावरून उठणारा कबुतरांचा थवा दिसत नव्हता. यंत्रानं ती धूळ समजून पुसून टाकली होती. तिला मास्तर आठवले, जरा ओशाळल्यासारखं झालं. पण पावणेबारा झाले होते. तिनं फाइल पाठवून दिली.

शनिवारच्या फोनवर आई म्हणाली, "अगं, आपली कबुतरं कुठं गेली कळत नाही. गुरुवारपासून एकही नाही."

आईचं आणि कबुतरांचं चाळीस वर्षांचं वैर होतं. काठी, जुन्या सीडींच्या चकत्या, आरशाचे तुकडे, काय काय करून झालं होतं. ती हसली आणि म्हणाली, मग पेढे वाट. आईही हसली, पण उगीच.

"छळायची मेली. पण सकाळी आवाज नसला की जाग येत नाही."

फोन ठेवल्यावर ती कारणं शोधायला लागली. कोणीतरी जाळी लावली असेल. औषध टाकलं असेल. घार आली असेल. तिनं एकेक कारण नीट मांडलं आणि ती सगळी तिला पटलीसुद्धा. मग तिनं ठकीला टीव्ही लावून दिला आणि गल्लीचा सीन फ्रेम-फ्रेम करत बघायला बसली.

नुसती कबुतरंच गेली नव्हती. पायऱ्यांवर दोन मुली चेंडू झेलत असत. मुली होत्या, हात पुढं करून उभ्या होत्या, चेंडू नव्हता. छापखान्याचा नोकर दारात पाणी शिंपडत असे. झारी वाकडी झालेली दिसे आणि तिच्या तोंडातून काहीच पडत नसे. आणि तिसऱ्या मजल्यावर आई उभी होती, चेहरा हसरा, दंड वर उचललेला. कोपरापुढं काही नव्हतं. तिथं मागची भिंत नीटनेटकी बसवलेली होती.

दोनशे सोळा फ्रेम तिनं बघितल्या. एकीतही हात नव्हता.

रविवारी तिनं आईला आडून विचारलं. गल्लीत मुलं खेळतात का अजून? नाही गं, हल्ली बाहेर दिसत नाहीत. आणि पाणी? दोन दिवस खालचा नळ कोरडा आहे, तक्रार केलीय. मग आई सहज म्हणावं तसं म्हणाली, की उजवा हात जरा झोपल्यासारखा झालाय.

"झोपल्यासारखा म्हणजे? मुंग्या येतात? बोटं वळतात का? आई, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा."

"जाऊन आले. तो म्हणाला, हात उत्तम आहे. दिसतो की मलाही. पण काही घ्यायला पुढं केला ना, की नसतो."

हे आई अगदी साध्या सुरात म्हणाली. आईनंच विषय बदलला. डाव्या हातानं पोळपाट धरता येतो का ते शिकतेय, म्हणाली. या वयात नवी विद्या.

असं झालं तर करायचं काय, हे तिला ठाऊक होतं. मूळ स्कॅन कधी खोडलं जात नाही. ते उघडायचं, त्यातला हात घ्यायचा आणि जागच्या जागी आणून बसवायचा. तासाभराचं काम. तिनं मूळ स्कॅन उघडलं. सगळी धूळ होती. सगळे ओरखडे होते. खिडकीच्या चौकटीवर बुरशीचा तो तुऱ्यासारखा डागसुद्धा होता.

हात नव्हता.

सोमवारी ऑफिस उघडल्यावर तिथल्या इंजिनिअरला तिनं मूळ फिल्मची पेटी उघडून बघायला लावली. त्यानं बघितलं आणि परत फोन केला. खिडकीत बाई आहे, मॅडम. हात कुठला?

मग तिनं मास्तरांना फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्यांचा आवाज बारीक झाला होता. तिनं कबुतरांपासून सगळं सांगितलं, आईचा हात मात्र शेवटी. पलीकडे कपात चमचा ढवळल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"किती फ्रेम?"

"दोनशे सोळा."

"मूळ स्कॅनमध्येही नाही." हे त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

"नाही."

"मी म्हणून हातानं करायचो गं. लोक म्हणायचे मास्तर गोगलगाय आहेत." चमचा बशीत ठेवल्याचा आवाज आला. "आता ते पुन्हा चालवू नकोस. आणि दुसऱ्या कोणाला चालवू देऊ नकोस."

"मास्तर, तुमचं कोण गेलं?"

चहा निवला, असं काहीतरी म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

तिनं तसाच ऑफिसला फोन लावला. सिनेमा थांबवा, माझ्या हातून चूक झालीय, तिसरं रीळ मी नव्यानं करून देते. तिकडचा माणूस हसला. चूक कसली, सिनेमाचे मालक खूश होते. उलट बाकीची रिळं त्यापुढं मळकट दिसायला लागली होती, म्हणून आज सकाळी अख्खा सिनेमा पुन्हा एकदा सॉफ्टवेअरमधून काढला. दोन फेऱ्या.

"तुम्हीच सेव्ह केलेलं सेटिंग होतं ना, मॅडम. तेच वापरलं. फार स्वच्छ आलंय."

नवी फाइल यायला वीस मिनिटं लागली. ठकी येऊन मांडीवर बसली.

नायक गल्ली उतरत होता. सावकाश चालणारा, म्हणून तेवढा राहिला होता. पायऱ्यांवर मुली नव्हत्या. दारात नोकर नव्हता. दोऱ्यांवर कपडे नव्हते. नुसत्या दोऱ्या, ताणलेल्या.

तिसऱ्या मजल्यावर खिडकीत कोणीतरी होतं.

उभं नव्हतं. बसलेलं होतं. खांदे सरळ, मान सरळ, हात दिसत नव्हते. नऊ सेकंद ती आकृती भिंतीला टांगलेल्या फोटोसारखी राहिली. केसांवर ऊन पडलं असावं. ते अगदी पांढरे दिसत होते.

ठकीनं स्क्रीनवर बोट ठेवलं.

"आजी," ती म्हणाली.

तिला कोणी विचारलं नव्हतं.

तिनं आईला फोन लावला. पाच रिंगा झाल्या. सहा. सात. अकराव्या रिंगनंतर आईनं फोन घेतला.

"कुठं होतीस?"

"इथंच. खुर्चीत." आई हळू बोलत होती, दोन शब्दांत जागा सोडून.

"मग इतका वेळ?"

"सावकाश घेतला. पटकन काही केलं ना, की जातं गं. मघाशी कोणीतरी हाक मारल्यासारखं झालं, म्हणून झटकन मान वळवली." मग म्हणाली, "आता मी आपली बसून असते. बसून राहिलं की काही होत नाही. तू काळजी नको करूस."

"आई, मी येते."

"ये." पलीकडे काहीच आवाज नव्हता, ना रस्त्याचा, ना घड्याळाचा. "पण धावत येऊ नकोस."

"दाराला कडी..."

"उघडंच ठेवलंय दार. उगाच उठायला नको."

ठकी फोनकडे झेपावली आणि आजी, आजी म्हणून ओरडली. तिकडून उत्तर आलं नाही. फोन चालू होता. स्क्रीनवर सेकंद पुढं सरकत होते. तिनं चार मिनिटं तो कानाला लावून ठेवला.

नंतर तिनं पुष्कळदा लावला. पूर्ण रिंग वाजते आणि थांबते. आईच्या खालच्या मजल्यावरच्या काकू महिन्यापूर्वीच मुलाकडे राहायला गेल्या. डॉक्टरांच्या दवाखान्यात सांगतात, आम्ही घरी जात नाही. पोलिसांनी सगळं टिपून घेतलं, आणि शेवटी विचारलं की तुमचं आईशी शेवटचं बोलणं किती वेळापूर्वी झालं. तासाभरापूर्वी, असं म्हटल्यावर त्यांचा सूर बदलला. माणूस झोपतं, मॅडम. नवरा म्हणाला, उद्याची पहिली गाडी धर, मी येतो ठकीकडे. तिनं ठकीचे कपडे, औषध, तापमापक काढून ठेवलं. सगळं हळूहळू केलं. आपण हळू करतोय, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

गल्लीतल्या जुन्या लोकांचा एक ग्रुप आहे. त्यात शंभरावर माणसं, बहुतेक सगळी आता दुसरीकडे कुठं कुठं राहणारी. एकमेकांना जुने फोटो पाठवतात आणि ते दिवस गेले, असं म्हणतात. तिनं तिथं कधी एक ओळ लिहिली नव्हती. आज संध्याकाळी साडेसहाला लिहिलं, आणि ज्याला ज्याला पाठवता येईल त्याला पाठवलं. ते असं:

"मी तिसऱ्या मजल्यावरची, छापखान्यासमोरची. उद्या सकाळी निघते आहे, परवा संध्याकाळी पोचेन. तोवर तुमच्यापैकी कोणी गल्लीत असाल, किंवा जवळपास असाल, तर आईकडे जाऊन याल का? दार उघडंच आहे. जिना चढताना मोठ्यानं बोलत जा, म्हणजे ती दचकणार नाही. ती खिडकीजवळ खुर्चीत असेल. तिला उठायला सांगू नका, पाणीबिणी मागू नका. ती बोलली नाही तर राग मानू नका. श्वास घेताना दिसते आहे का, एवढंच बघा. दिसली, तर लगेच निघू नका. थोडा वेळ तिथंच बसा, आणि पुन्हा बघा."